बांधावरील झाडाची पाहणी : सावलीच्या वृक्षांचे रोग, किडी व उपाय

पिकावर कीड पडली तर ती आपणांस चार दिवसांत कळते. कारण पिकांतून आपण रोज फिरतों. परंतु त्याच शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या आंब्याकडे किंवा कडुनिंबाकडे मान वर करून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. दुपारची भाकरी आपण त्याच्या सावलींत खातों, बैल तेथेंच बांधतों, अवजारें तेथेंच टेकवून ठेवतों. पण झाडाची प्रकृति कशी आहे ही चौकशी मात्र तें अर्धें वाळल्यावर सुरू होते. मग बहुधा औषधाचा विचार न होतां वखारवाल्यासच बोलावणें जातें.

पिकाचें नुकसान एका हंगामाचें असतें व तें पुढील हंगामांत भरून काढतां येतें. रायवळ आंबा डेरेदार होऊन गुरांमाणसांस सावली देऊं लागण्यास वीस-पंचवीस वर्षें सहज लागतात. तो गेला म्हणजे पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें त्या जागीं नवें रोप लावलें तरी त्याची सावली बहुधा नातवालाच मिळावयाची. यास्तव आंबा व कडुनिंब हीं आपल्या बांधांवर नेहमीं आढळणारीं दोन झाडें मुख्यत्वें डोळ्यांपुढें ठेवून, त्यांचा रोग ओळखावा कसा व उपाय कोणता करावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

सर्व विवेचनाचें सार आरंभींच सांगतों. पानांवरचा रोग लांबून दिसतो, परंतु जुनें झाड त्यानें सहसा मरत नाहीं. मुळाचा, बुंध्याचा व खोडाचा रोग लांबून दिसत नाहीं आणि झाड मरतें तें त्यानेंच. याचें कारण उघड आहे. पान हें झाडाचें दरसाल नवें येणारें अंग आहे. एका बहराचीं पानें बिघडलीं तरी खोडांत व मुळांत सांठविलेल्या अन्नावर झाड पुन्हां पालवी फोडतें. परंतु सालीखालचा जिवंत थर अगदीं पातळ असतो, आणि पानांत तयार झालेलें अन्न मुळांकडे पोंचविणारा मार्ग त्याला लागूनच सालीच्या आंतल्या बाजूस असतो. तो सभोंवार तुटला कीं झाडाचा अंत ठरलेला. म्हणून काळजी व खर्च यांचा मोठा वांटा खालीं करावा, वर नव्हे. आपल्याकडे याच्या नेमकें उलट घडतें.

पाहणीचा क्रम

पंचनाम्याच्या कामांत आधीं चतुःसीमा पाहतात, मग प्रत्यक्ष जागा पाहतात व लोकांचे तर्क मागाहून ऐकतात. झाडाच्या पाहणींतहि क्रम तसाच ठेवावा. आधीं बुंध्याभोंवतालची जमीन, मग बुंधा, मग खोड व बेचकीं, मग फांद्या आणि सर्वांत शेवटीं पानें व मोहोर. बरोबर चार वस्तू असाव्या : धारेचा चाकू, लाकडी मोगरी, हातभर लांबीची लवचिक तार आणि ओलें फडकें.

चाकूनें वाळल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीची साल किंचित् खरवडावी. खालीं हिरवें व ओलसर दिसलें तर फांदी जिवंत आहे; तपकिरी व कोरडें दिसलें तर ती मेली आहे. मोगरीनें बुंध्यावर चोहोंकडून हलकेंच ठोकावें. निरोगी लाकडाचा आवाज भरीव येतो, पोकळीवर तो ढोलासारखा येतो. तार भोंकाची खोली व दिशा दाखविते. फडक्याचा उपयोग पुढें पानांच्या प्रकरणांत सांगितला आहे.

मूळ व बुंधा

झाडाच्या अन्न शोषणाऱ्या बारीक मुळ्या पुष्कळशा जमिनीच्या वरच्याच थरांत असतात आणि डेऱ्याच्या कडेपलीकडेहि पसरलेल्या असतात. बुंध्याला लागून ट्रॅक्टरचा नांगर खोल घालणें, डेऱ्याखालून चर खणणें, विहिरीची माती किंवा रस्त्याचा मुरूम बुंध्याशीं कमरेइतका लोटणें, या गोष्टींनीं त्या मुळ्या तुटतात किंवा हवा न मिळून गुदमरतात. परिणाम त्याच साली दिसेल असें नाहीं. दोन-तीन वर्षांनीं शेंड्याकडील फांद्या वाळूं लागतात, आणि तोंवर चर खणल्याची आठवण कोणास नसते. शेंडा वाळत असून फांद्यांवर कीड दिसत नसेल, तर मागील तीन वर्षांत बुंध्याभोंवतीं काय झालें हें घरांतील सर्वांस विचारावें. उपाय म्हणजे भराव काढून बुंधा मूळच्या पातळीपर्यंत मोकळा करणें, डेऱ्याखालीं नांगर न घालणें, आणि उन्हाळ्यांत डेऱ्याच्या कडेस पाणी व पालापाचोळ्याचें आच्छादन देणें. आच्छादन बुंध्यास टेकूं देऊं नये.

दुसरा घात अग्नीचा. बांधावरचें गवत, धसकटें व उंसाचें पाचट पेटवितांना बुंध्याची एक बाजू भाजते. वरून साल शाबूत दिसते. वर्षभरानें ती सुटून पडते व उघड्या लाकडांत कुजणें सुरू होतें. झाडाखालीं कधींहि जाळ करूं नये. तसेंच कुंपणाची तार बुंध्याभोंवतीं आवळलेली असल्यास ती सैल करावी. झाड जाड होत जातें, तार जाड होत नाहीं.

वाळवीविषयीं पुष्कळांस अकारण भीति वाटते. बुंध्यावर मातीचे पापुद्रे दिसले कीं झाड वाळवीनें खाल्लें असें आपण म्हणतों. वास्तविक मोठ्या झाडावर ती बहुधा सालीचा वरचा मेलेला भागच खात असते. पापुद्रे खराट्यानें झाडून खालची साल पाहावी. ती घट्ट व जिवंत असेल तर चिंतेचें कारण नाहीं. वाळवी आंत लाकडांत शिरलेली आढळल्यास तेथें आधीं जखम किंवा कूज होती असें समजावें व तिचा शोध घ्यावा.

सर्वांत गंभीर चिन्ह म्हणजे बुंध्याशीं किंवा मोठ्या मुळावर उगवलेली, कानाच्या पाळीसारखी कठीण अळंबी. ही लाकूड कुजविणाऱ्या बुरशीचें फळ आहे. बुरशी आंत बराच काळ पसरल्यावरच तें बाहेर येतें. अळंबी खुडून टाकल्यानें रोग जात नाहीं व यावर खात्रीचें औषधहि नाहीं. अशा झाडाखालीं गोठा, खोपट किंवा मुलांचा खेळ असूं देऊं नये. मोगरीनें ठोकून पोकळी किती आहे तें पाहावें, जाणकारास दाखवावें व वरील भार हलका करण्याचा विचार करावा. पानें हिरवीं आहेत एवढ्यावरून झाड मजबूत आहे असें समजूं नये. वादळांत मुळासकट उलथणारीं झाडें पुष्कळदां हिरवींगारच असतात.

खोड

आंब्याच्या खोडाचा मोठा शत्रु म्हणजे भिरूड किंवा खोडकिडा. याचा भुंगेरा सुमारें ५ सेंटिमीटर लांब, राखी-तपकिरी रंगाचा, लांब मिशांचा असून डोक्यामागें दोन तांबूस-नारिंगी ठिपके असतात. पावसाळ्याच्या सुमारास तो बाहेर पडतो व रात्रीं दिव्याकडे येतो. मादी सालीच्या चिरांत अंडीं घालते. अळी पांढुरकी, बिनपायांची, जबडे बळकट असलेली असून पूर्ण वाढल्यावर बोटाएवढी जाड होते. ती महिनोन् महिने आंत राहून लाकूड पोखरते. अंजीर, फणस व सांवर यांवरहि हा किडा पडतो.

ओळखण्याची खूण एकच व खात्रीची : बुंध्याशीं अथवा बेचक्याखालीं लाकडाचा भुसा पडलेला दिसतो आणि वर एखादें भोंक ओलें असतें. फांदी पिवळी पडेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. ताजा भुसा आढळतांच भोंक चाकूनें थोडें मोठें करावें, तारेचें टोंक आंकड्यासारखें वळवून आंत घालावें व अळी ओढून काढावी किंवा टोंचून मारावी. नंतर पेट्रोल अथवा घासलेटांत भिजविलेला कापसाचा बोळा आंत सारून भोंक चिखलानें घट्ट लिंपावें. हें काम करतांना विडी जवळ नसावी. आठ दिवसांनीं पुन्हां पाहावें. नवा भुसा पडला असेल तर अळी जिवंत आहे असें समजून तेंच पुन्हां करावें.

साल खाणारी अळी ही दुसरी. बेचक्याजवळ खोडावर भुसा व विष्ठा रेशमाच्या धाग्यांनीं गुंफलेली नागमोडी जाळी दिसते. अळी दिवसा बेचक्यांतील भोंकांत राहते व रात्रीं त्या जाळीखालून साल खाते. आंबा, पेरू, बोर, शेवगा, जांभूळ, बाभूळ, शिरीष अशा अनेक झाडांवर ती आढळते. जाळी खराट्यानें झाडून टाकावी म्हणजे भोंक उघडें पडतें. पुढील उपाय भिरुडाप्रमाणेंच.

जुन्या झाडांतील ढोली पूर्वी सिमेंटनें भरीत असत. ती चाल आतां तज्ज्ञांनीं सोडली आहे; कारण भरावामागें ओल सांचून कूज थांबत नाहीं व झाडासही बळकटी येत नाहीं. ढोलींतील कचरा काढून ती मोकळी ठेवावी.

फांद्या

बांडगूळ सर्वांस परिचित आहे, परंतु त्याचा उपाय बहुधा अर्धवट केला जातो. हें झाड स्वतःच्या हिरव्या पानांनीं अन्न तयार करतें, पण पाणी व क्षार मात्र यजमान झाडाच्या फांदीतून ओढून घेतें. त्याचें बीं फार चिकट असतें. फुलटोच्यासारखे लहान पक्षी फळ खातात व चिकट बीं फांदीवर टाकतात. तेथेंच तें रुजतें. जोडाच्या जागीं फांदीला गांठ येते आणि गांठीपुढील भाग हळूहळू उपाशी मरतो. नुसतें बांडगूळ ओढून तोडलें तर सालींत राहिलेल्या भागांतून तें पुन्हां फुटतें. म्हणून फांदी लहान असेल तर गांठीच्या खालीं सुमारें एक फूट अंतरावर निरोगी भागांत ती कापावी. फांदी मोठी असल्यास गांठ खोल तासून काढावी व दरवर्षीं पाहावी. काम फळें पिकण्यापूर्वीं करावें. शेजाऱ्याच्या बांधावरील बांडगूळ तसेंच राहिलें तर आपला श्रम फुकट जातो. सबब हें काम शिवारांतील सर्वांनीं एकाच आठवड्यांत केल्यास उत्तम.

फांदीमर हा बुरशीचा रोग आहे. डहाळी टोंकाकडून खालीं वाळत येते, पानें तपकिरी होऊन कांहीं काळ तशींच चिकटून राहतात व कधीं डिंक पाझरतो. वाळलेल्या भागाखालीं तीन ते चार इंच निरोगी लाकूड घेऊन फांदी कापावी, कापलेले तुकडे जाळून टाकावे व कापावर बोर्डो मलम लावावें.

कडुनिंबावरहि अशीच शेंडेमर येते. तिच्या बुरशीला फोमॉप्सिस अझादिराक्टी हें शास्त्रीय नांव १९९७ सालीं देण्यांत आलें. काजूवर पडणारा ढेकण्या हा कीटकहि कडुनिंबाचे कोंवळे शेंडे शोषून वाळवितो. २०२१ च्या सुमारास तेलंगणांत हजारों कडुनिंब पावसाळ्यानंतर वरून भाजल्यासारखे दिसूं लागले व लोक घाबरले. असा कडुनिंब आपल्या बांधावर दिसला तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं खालच्या फांद्यांवर चाकूची परीक्षा करावी आणि चैत्राच्या पालवीची वाट पाहावी. शेंडे जळाले म्हणजे झाड मेलें असें नव्हे.

मोठी फांदी कापण्याचीहि रीत आहे. आधीं खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूनें तिसरा हिस्सा करवत चालवावी, मग थोडें पुढें सरकून वरून कापावें. म्हणजे फांदी पडतांना खोडाची साल सोलीत नेत नाहीं. उरलेला खुंट नंतर खोडाशीं, फांदीच्या बुडाचा फुगीर कंगोरा राखून, कापावा. खुंट लांब ठेवल्यास तो कुजतो व कूज खोडांत शिरते. कुऱ्हाडीचा ठेंचका घाव याच कामीं फार वाईट.

पानें व मोहोर

आतां त्या रोगाकडे येऊं, ज्याच्यामुळें सर्वांत अधिक ओरड होते. आंब्याचीं पानें काजळी फांसल्यासारखीं काळीं पडतात, खालचें गवतसुद्धां चिकट होतें आणि झाड करपलें असें लोक म्हणतात. येथें ओलें फडकें काढावें व पान पुसावें. काळें पुसून जाऊन खालीं हिरवें पान दिसलें, तर रोग पानाच्या आंत नाहीं. तुडतुडे मोहोराचा व कोंवळ्या पालवीचा रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात. त्या चिकट्यावर काजळीची बुरशी वाढते. ती पानावर सूर्यप्रकाश पडूं देत नाहीं एवढाच तिचा दोष. बुंध्यावरून वर जाणारी मुंग्यांची रांग हीहि याचीच खूण. फांदी हलविली असतां पाचरीच्या आकाराचे लहान तुडतुडे पानांवर पावसाचे थेंब पडावे तसा आवाज करीत उडतात.

नोकरींत असतां एका गांवीं दोन भाऊबंदांच्या सामाईक बांधावरील आंब्याची तक्रार पाहण्यांत आली. एकाचें म्हणणें, झाड रोगट झालें, विकून पैसे वांटून घ्यावे. दुसऱ्याचें म्हणणें, वडिलांनीं लावलेलें झाड तोडूं देणार नाहीं. जागेवर जाऊन पान पुसतांच काळेपणा निघाला. फुकट जाणारी वस्तु फुकट गेली नाहीं, एवढें त्या फडक्यानें केलें. भाऊबंदकी मात्र फडक्यानें पुसली गेली नाहीं.

तुडतुडे दाट, कोंदट व ओलसर सावलींत वाढतात. कांहीं जाती वर्षभर खोडाच्या चिरांत दडून राहतात. म्हणून फळें उतरल्यावर आंतील वाळलेल्या, एकमेकींवर घांसणाऱ्या व आडव्यातिडव्या फांद्या काढून डेऱ्यांत ऊन-वारा खेळूं द्यावा. कोकणांतील तुडतुड्यांवर वागळे यांचा अभ्यास १९३४ सालींच प्रसिद्ध झाला होता. तेव्हांपासून मोहोराच्या संरक्षणाचा विचार आपल्या इलाख्यांत चालू आहे. कलमांच्या बागेंत फवारणी परवडते. चाळीस फूट उंचीच्या रायवळावर ती करणें कठीण व सावलीकरितां अनावश्यक आहे. लहान झाडावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा : ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावी व गाळून १०० लिटर पाणी करावें. मोहोर फुललेला असतांना कीटकनाशक मारूं नये. माशा-मधमाशा मेल्या तर फळ धरणार कोठून?

भुरी निराळी ओळखावी. मोहोराच्या दांड्यांवर पांढरी राखेसारखी भुकटी दिसते, फुलें व बारीक कैऱ्या गळतात. रात्री थंड व सकाळीं ढगाळ, दमट हवा असली म्हणजे ती वाढते. म्हणून धुक्यानें मोहोर जाळला असें आपण म्हणतों. धुकें जाळीत नाहीं, धुक्यांत वाढणारी बुरशी जाळते. उपाय गंधकाचा : पाण्यांत मिसळणारें ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यास २० ग्रॅम घेऊन फवारावें. कडक उन्हांत गंधक वापरूं नये. पानांवर मोहरीएवढ्या गांठी येतात, त्या बारीक माशीच्या अळ्यांमुळें. जुन्या झाडास त्यांचा विशेष उपद्रव नाहीं.

बोर्डो मलम व मिश्रण

द्राक्षाच्या केवडा रोगावर फ्रान्सांतील बोर्डो येथें मिलार्दे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलेलें हें औषध आजहि खात्रीचें आहे. १ टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या अथवा मातीच्या भांड्यांत विरघळवून, तिसऱ्या भांड्यांत एकदम ओतून ढवळावें व एकूण १०० लिटर करावें. लोखंडी भांडें वापरूं नये. स्वच्छ सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो वाढवावा. हींच मापें १० लिटर पाण्यांत घेतलीं म्हणजे मलम होतें. तयार औषध त्याच दिवशीं संपवावें.

वर्षांतून दोन पाहण्या

पहिली पाहणी वैशाखांत, पावसापूर्वीं : मोगरीची परीक्षा, ढोली, अळंबी, मोडकळीस आलेल्या फांद्या. दुसरी पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास : ताजा भुसा, सालीवरील जाळी, बांडगूळ व शेंडेमर. प्रत्येक झाडास अर्धा तास पुरतो. जें आढळलें तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें. पुढील वर्षीं रोग वाढला कीं थांबला हें त्याशिवाय कळत नाहीं.

इतकें करूनहि झाड तोडण्याची वेळ आली तर दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. महाराष्ट्रांत खाजगी जमिनीवरील झाडांच्या तोडीचें नियमन करणारा कायदा १९६४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचींत आंबा, चिंच, जांभूळ, फणस व मोह हीं झाडें असून तीं आपल्या मालकीचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. दुसरें, बांध सामाईक असल्यास शेजाऱ्याची संमति आधीं लेखी घ्यावी. लाकूड विकल्यावर घेतलेली संमति कचेरींत टिकत नाहीं. आणि अर्ज लिहावयास बसण्यापूर्वीं चाकू, मोगरी, तार व फडकें घेऊन एकवार बुंध्याशीं जाऊन यावें.